पाचट, गूळ आणि गिऱ्हाईक

निपाणीहून संकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्याने माघ-फाल्गुनात सांजवेळी प्रवास केला, तर दोन प्रकारचे धूर दृष्टीस पडतात. एक धूर गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा. त्याच्यामागोमाग उकळत्या रसाचा वास येतो आणि प्रवासी नकळत मान वळवून पाहतो. दुसरा धूर तोडणी झालेल्या फडातून उठतो. तोडकऱ्यांच्या टोळ्या पुढच्या रानात गेल्या, वाडे जनावरांसाठी उचलले गेले, की मागे राहिलेल्या पाचटाला, ज्याला आपल्याकडे नुसता ‘पाला’ म्हणतात, काडी लावण्यात येते. तासाभरात रान काळे आणि मोकळे होते. सेंद्रिय शेतीविषयी आज जे थोडे बोलावयाचे आहे, त्याचा आरंभ या दुसऱ्या धुरापासून करणे मला सोयीचे वाटते.

एका हेक्टर उसाच्या तोडणीनंतर सुमारे आठ ते दहा टन वाळलेला पाला रानात राहतो. त्यात नत्र अर्धा टक्का आणि स्फुरद त्याहूनही कमी असते; पालाश मात्र पाऊण ते एक टक्क्यापर्यंत भरते. हे आकडे ऐकून कोणी हुरळून जाणार नाही. तथापि आठ टन पाल्यात अर्ध्या टक्क्याच्या हिशेबाने चाळीस किलो नत्र येते, आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग सेंद्रिय कर्बाचा असतो. पाला पेटविला म्हणजे कर्ब आणि नत्र ही दोन्ही बहुतांशी हवेत जातात. राख मागे राहते, तीत पालाश असते. पण तीही वाऱ्याने उडते, पाण्याने वाहते. पुढे पंधरा दिवसांनी तोच शेतकरी सोसायटीतून युरियाचे पोते खांद्यावर घेऊन येतो. जे जाळले त्याचाच एक अंश तो विकत आणीत असतो.

येथे शेतकऱ्याला अडाणी ठरविण्याचा मोह शहरातल्या मंडळींना होतो, तो त्यांनी आवरावा हे बरे. पाला पेटविण्यामागे त्याची स्वतःची कारणे आहेत. रानात वीतभर पाला पसरलेला असला म्हणजे सऱ्यांतून पाणी नीट पुढे सरकत नाही, बुडखे छाटता येत नाहीत, उंदरांना आसरा मिळतो. आणखी एक कारण सूक्ष्म आहे. पाला कुजू लागला की तो कुजविणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी जमिनीतले नत्र ओढून घेतात. त्यामुळे खोडव्याचे कोंब काही आठवडे पिवळे दिसतात. ज्याचे पोट त्या कोंबांवर अवलंबून आहे, त्याला तो पिवळा रंग पाहवत नाही. जिवाणू मेले म्हणजे ते नत्र पुन्हा जमिनीला मिळते, हे खरे. पण ते मिळेपर्यंत धीर धरावा लागतो.

असा धीर धरणारी माणसे आपल्याच भागात निघाली. निपाणी-चिकोडी पट्ट्यातील बेडकिहाळ येथे गेल्या शतकाच्या अखेरीस काही ऊस उत्पादकांनी पाला जाळण्याचे सोडले आणि तो सऱ्यांत पसरून ठेवण्यास आरंभ केला. युक्ती साधीच आहे. पाला एकाआड एक सरीत दाबावयाचा आणि पाणी मोकळ्या सरीतून द्यावयाचे. म्हणजे पाणी अडत नाही आणि झाकलेली जमीन ओल धरून ठेवते. शेणकाला शिंपडला की कुजण्याची क्रिया लवकर होते. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या कमी लागतात, हे या पद्धतीचे सर्वांत बोलके फळ होय. नदीकाठच्या ज्या गावांत भरमसाट पाण्याने आणि निचऱ्याच्या अभावी जमिनी क्षारपड झाल्या, तेथे कमी पाण्यावर ऊस उभा राहतो ही गोष्ट लहान नव्हे.

ही विद्या परदेशातून आली, असा समज असल्यास तोही दूर करावयास हवा. सर अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथे आला, तो येथील शेतीला पाश्चात्त्य शास्त्र शिकविण्यासाठी. पण शेजारच्या गावांतील शेतकऱ्यांची पिके फवारणीवाचून निरोगी कशी राहतात, हे पाहून त्याने त्यांनाच गुरू केले. पुढे १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत त्याने काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची जी पद्धत बसविली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातून युरोपातल्या कित्येकांनी स्फूर्ती घेतली. अलीकडच्या काळात विदर्भातील श्री. सुभाष पाळेकर यांच्या शिबिरांना कर्नाटकातील शेतकऱ्यांनी मोठा प्रतिसाद दिला. त्यांच्या जीवामृतात शेण, गोमूत्र आणि बेसनाबरोबर गूळही पडतो, त्यामुळे आपल्याकडच्या मंडळींना ते घरचेच वाटले असल्यास नवल नाही. पाळेकर मात्र आपल्या शेतीला ‘सेंद्रिय’ म्हणू देत नाहीत, ‘नैसर्गिक’ म्हणतात.

नावांचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. कर्नाटक सरकारने २००४ साली या शेतीचे धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारे ते देशातील पहिले राज्य. त्या कागदांत या शेतीला ‘सावयव कृषि’ असे म्हटले आहे. आपल्या मराठी शेतकऱ्याला तो शब्द प्रथम बुचकळ्यात टाकतो, कारण मराठीत सावयव म्हणजे अवयव असलेले. पण विचार केला तर तो शब्द ‘सेंद्रिय’पेक्षा अधिक नेमका वाटतो. जमीन, गुरे, पीक, माणूस हे एकाच देहाचे अवयव आहेत, एवढे त्यात सांगून झाले.

आता कठीण भागाकडे वळू. रासायनिक खत सोडले की दुसऱ्या दिवशी माल सेंद्रिय ठरत नाही. नियमाप्रमाणे हंगामी पिकांना दोन आणि बहुवर्षीय पिकांना तीन वर्षे संक्रमणाची मोजावी लागतात. या काळात उत्पन्न बहुधा घटते आणि भाव मात्र सामान्य मालाचाच मिळतो. ज्याचे रान दीड-दोन एकरांचे आहे, त्याने ही तीन वर्षे कशाच्या बळावर काढावयाची? शिवाय बांधापलीकडचा शेजारी तणनाशक मारतो, त्याच्या रानातले पाणी आपल्या रानात उतरते. प्रमाणपत्रासाठी तपासणीचा खर्च निराळा. यावर सरकारने सहभागी हमीची योजना काढली आहे. निदान पाच शेतकऱ्यांनी गट करावा, एकमेकांची राने तपासावी आणि एकमेकांची ग्वाही द्यावी. देशातल्या बाजारास हे प्रमाणपत्र चालते. निर्यातीस मात्र त्रयस्थ संस्थेचेच प्रमाणपत्र लागते. माझ्या मते सीमाभागातील लहान शेतकऱ्याला ही गटाची वाट सोयीची आहे, कारण शेजारी गटात आला म्हणजे बांधापलीकडच्या फवाऱ्याचा प्रश्नही अर्धा सुटतो.

घाई केली तर काय होते, ते श्रीलंकेने दाखविले. २०२१ च्या वसंतात तेथील सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे आणि चहाचे पीक कोसळले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. दोष सेंद्रिय खताचा नव्हता. पुरेसे खत तयार नव्हते, जमीन तयार नव्हती आणि शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते.

याच्या उलट उदाहरण डेन्मार्कचे. आपल्या बेळगाव आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित लोकसंख्येहूनही कमी लोकसंख्या असलेला हा देश. १९८७ साली तेथे सेंद्रिय शेतीचा कायदा झाला आणि १९८९ साली तांबड्या रंगाचे सरकारी चिन्ह आले. तपासनीस सरकारचा आणि तपासणीचा खर्चही सरकारचा, त्यामुळे गिऱ्हाइकाचा त्या चिन्हावर विश्वास बसला. आज तेथील शेतजमिनीपैकी एक दशांशाहून अधिक जमीन सेंद्रिय लागवडीखाली आहे. मला विशेष वाटते ते कोपनहेगन शहराचे. तेथील नगरपालिकेने बालवाड्या, शाळा आणि वृद्धाश्रम यांची स्वयंपाकघरे सेंद्रिय मालावर आणावयाचे ठरविले. नासाडी कमी केली, मांस कमी केले, हंगामी भाजी वाढविली, आणि जवळजवळ नव्वद टक्के माल सेंद्रिय झाला. म्हणजे शेतकऱ्याने पेरण्यापूर्वीच त्याचे गिऱ्हाईक उभे होते. २०२२ साली महागाई भडकली तेव्हा तिथेही खप काहीसा उतरला, हे खरे. पण स्वयंपाकघरे बंद पडली नाहीत.

आपल्याकडे गिऱ्हाइकाची कथा निराळी आहे, आणि ती गुळात जशी दिसते तशी दुसऱ्या कशात दिसत नाही. रस काहिलीत चढला, मळी वर आली की ती काढण्यासाठी जुने गुळवे भेंडीचे पाणी वापरीत. बुळबुळीत रसात घाण अडकते आणि झाऱ्याने काढून टाकता येते. असा गूळ तांबूस-तपकिरी होतो. बाजारात मात्र पिवळ्याधमक ढेपेला बोली जास्त, म्हणून काहिलीत गंधकयुक्त ‘हायड्रॉस’ची भुकटी पडू लागली. रंग खुलतो, पण तो टिकत नाही. काही महिन्यांत ढेप काळवंडते. उसाला उशिरापर्यंत भरपूर नत्र दिलेले असेल, तर त्याचा गूळ नीट घट्ट होत नाही आणि पावसाळ्यात पाघळतो. ज्या रानात खतांचा मारा कमी, त्या रानाचा गूळ गुळव्याच्या हाताला लगेच कळतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला तो कळत नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरीच्या पेठेने कोल्हापुरी गुळाला नाव दिले आणि निपाणी भागातला गूळही वर्षानुवर्षे कोल्हापूरच्या बाजाराकडे ओढला जातो. त्या बाजाराची नजर पिवळ्या रंगावर ठरलेली आहे. सेंद्रिय गूळ करणारा शेतकरी तेथे ढेप मांडतो, तेव्हा त्याला आपल्या मालाच्या चांगुलपणाबद्दलच खुलासा द्यावा लागतो!

तंबाखूच्या मुलखात हे नवीन नाही. १९८१ साली निपाणीचे तंबाखू उत्पादक दरासाठी महामार्गावर बसले आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. पिकविणारा एक आणि भाव ठरविणारा दुसरा, हे दुःख त्या पिढीने रस्त्यावर बसून सांगितले. पुढे दूधगंगेचे पाणी आले, तंबाखूच्या कित्येक रानांत ऊस उभा राहिला. भावाचा प्रश्न मात्र रानाबरोबर ऊसवाल्याकडे आला. जाता जाता तंबाखूविषयी एक सूचना देतो. तंबाखूचा काढा कीटकनाशक म्हणून आपल्याकडे पूर्वापार माहीत आहे, आणि वनस्पतीचा म्हणून तो सेंद्रिय शेतीत चालेल असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत तंबाखूची भुकटी नावानिशी निषिद्ध आहे. निकोटिन हे विषच. फवारणाऱ्याच्या कातडीतूनही ते अंगात भिनते. तेव्हा प्रमाणपत्राचा विचार असेल त्याने तो काढा न वापरता निंबोळी अर्काकडे वळावे.

बेळगावात वसतिगृहे आहेत, मोठी रुग्णालये आहेत, शाळांची माध्यान्ह भोजने आहेत. यांपैकी एखाद्या स्वयंपाकघराने जवळच्या एखाद्या गटाशी वर्षाच्या गुळाचा, तांदळाचा, रताळ्यांचा करार केला, आणि तोही संक्रमणाच्या पहिल्या वर्षापासून, तर त्या गटाचा पाला पेटणार नाही अशी माझी खात्री आहे. गृहिणींना एवढेच सांगावयाचे, की यंदा संक्रांतीच्या गुळासाठी दुकानात जाल तेव्हा मागच्या फळीवर ठेवलेली तांबूस ढेप पुढे काढावयास सांगा आणि एक खडा तोंडात टाकून पाहा. शेतकऱ्यांनी या तोडणीला सगळे रान नव्हे, एकच पट्टा न पेटविता ठेवावा, एकाआड एक सरी झाकावी आणि वैशाखात दोन्ही पट्ट्यांत हाताने माती उकरून ओल कोठे लागते ते पाहावे.