लाल विंचवाचे विष आणि अनुकंपी तंत्रिका कोशिकांतील संदेशवहन

सातारा-सांगलीकडील माळरानांत, लोणंदसारख्या गावांच्या शिवारांत, दगडगोट्यांखाली राहणारा लाल विंचू पश्चिम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळतो. त्याच्या दंशाने मृत्यू ओढवतो तो वेदनेमुळे नव्हे, तर हृदय व फुप्फुसे निकामी झाल्यामुळे. याचे कारण समजून घेण्यासाठी अनुकंपी तंत्रिकांचे स्वाभाविक कार्य प्रथम पाहिले पाहिजे.

अनुकंपी मार्गात दोन कोशिकांची साखळी असते. पहिलीचा पिंड मेरुरज्जूत, तर दुसरीचा बहुधा कण्यालगतच्या गुच्छिकेत असतो. विश्रामावस्थेत कोशिकेचे अंतर्विभव बाहेरच्या मानाने सुमारे ६० मिलिव्होल्ट ऋण असते. पहिल्या कोशिकेतून आवेग आला की ॲसिटिलकोलीन स्रवते. त्यामुळे दुसरीत धन आयन शिरून विभव उंबरठा गाठते. तेव्हा सोडियमची द्वारे उघडून नवा आवेग उमटतो. ही द्वारे जवळजवळ तत्क्षणी आपोआप मिटतात. पोटॅशियम बाहेर पडते व विभव पूर्ववत् होते. आवेग तंतूच्या टोकाशी पोचताच कॅल्शियम आत शिरते आणि नॉरॲड्रेनॅलीन बाहेर पडते. ते रोहिणिकांतील आल्फा-१ ग्राहकांवर क्रिया करून त्यांचा संकोच घडविते.

लाल विंचवाचे विष नेमके या द्वारांच्या मिटण्यालाच विलंब लावते. परिणामी आवेग लांबतो व त्याची पुनरावृत्ती होते. शिवाय पोटॅशियमच्या मार्गांना रोधणारी द्रव्येही या विषात असतात. आयबेरिओटॉक्सिन हे त्यांपैकी एक होय (१९९०). परानुकंपी तंत्रिकाही उत्तेजित होत असल्याने आरंभी वांती व लाळ दिसतात. घाम मात्र ॲसिटिलकोलीन स्रवणाऱ्या अनुकंपी तंतूंमुळेच सुटतो. त्यानंतर हातपाय थंड पडतात, रक्तदाब चढतो आणि रोहिणिकांच्या तीव्र संकोचाविरुद्ध झगडणारे हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचते.

महाड येथील डॉ. हिम्मतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रॅझोसिनचा उपयोग मांडला. हे औषध आल्फा-१ ग्राहक रोधते. तंत्रिकेच्या टोकावरील आल्फा-२ ग्राहक मात्र ते बहुतांशी मोकळे ठेवते. त्यांच्याद्वारे नॉरॲड्रेनॅलीन स्वतःच्याच स्रवणाला आळा घालीत असते. दोन्ही ग्राहक रोधले तर हा आळाच सुटेल. केवळ बीटा ग्राहक रोधल्यास रोहिण्यांचा संकोच तसाच राहून थकलेल्या हृदयाचा आधार जाईल. ॲट्रोपिनने परानुकंपी क्रिया दबून अनुकंपी क्रियेला अधिकच मोकळे रान मिळेल.

तथापि प्रॅझोसिन विषाचा परिणाम रोखते. विष नष्ट करीत नाही. ते कार्य प्रतिविषाचे. महाड येथील ७० रुग्णांवरील चाचणीत (२०११) दोन्ही दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२, तर केवळ प्रॅझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. म्हणून दंशानंतर घाम, वांती व थंड हातपाय ही लक्षणे दिसताच मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णास दवाखान्यात नेणे, हाच या विवेचनाचा व्यवहारातील निष्कर्ष होय.