स्मृतीच्या पानाचें माप

वाण्याच्या चोपडींत शेवटची एकच ओळ नव्या पानावर गेली, तरी तिच्यासाठीं अख्खें पान अडतें. संगणकाच्या स्मृतीचीहि रीत अशीच आहे. तींतील अब्जावधि बाइट एकेक करून सांभाळणें व्यवस्थेस झेपणारें नाहीं; म्हणून स्मृतीचे सारख्या आकाराचे भाग पाडतात व त्यांस पानेंच म्हणतात. प्रोग्रामास जागा देणें, ती परत घेणें, तीवर लिहिण्यास मनाई करणें, हें सारें पानांच्या हिशेबानें चालतें.

हें पान केवढें असावें? लहान पानांत जागा कमी वाया जाते, पण कोणतें पान कोठें आहे याची नोंदवही लांबते. ४ गिगाबाइट स्मृतीचीं ४,०९६ बाइटांचीं पानें पाडलीं, तर तीं १०,४८,५७६ भरतात. १६,३८४ बाइटांचीं पाडलीं, तर २,६२,१४४ पुरतात. नोंदवही आटोपशीर होते. मात्र अर्धवट भरलेल्या पानांत अधिक जागा रिकामी राहते.

यामुळें हें माप सर्वत्र व सर्वकाळ एकच राहिलें नाहीं. मँचेस्टर विद्यापीठांत १९६२ सालीं सुरू झालेल्या ॲटलस संगणकांत पान ५१२ शब्दांचें होतें. १९८५ सालच्या इंटेल ८०३८६ ह्या प्रोसेसरानें ४,०९६ बाइटांचें पान आणलें, आणि तें इतकें रूढ झालें कीं अनेकांनीं तो आंकडा आपल्या प्रोग्रामांत सरळ लिहून टाकला. पुढें २०२० सालीं ॲपलचा एम-१ आला, तो १६,३८४ बाइटांचें पान घेऊन. २०२४ सालच्या अँड्रॉइड १५ नेंहि ह्या मोठ्या पानास वाव दिला.

येथेंच गृहीत धरण्याची किंमत मोजावी लागते. फाइलचा एखादा भाग स्मृतीस जोडतांना त्याचा आरंभ पानाच्या पटींतच असावा लागतो. जुन्या प्रोग्रामानें ४,०९६ व्या बाइटापासून जोडणी मागितली, तर १६,३८४ च्या पानाची व्यवस्था ती नाकारते. घरच्या माणसास एवढेंच दिसतें कीं, जुन्या यंत्रावर चालणारा हिशेबाचा प्रोग्राम नव्यावर उघडतच नाहीं.

उपाय सोपा आहे: माप व्यवस्थेलाच विचारावें. युनिक्स परंपरेंत सिस्कॉन्फ ह्या फंक्शनास पेजसाइझचा सांकेतिक स्थिरांक दिला कीं उत्तर बाइटांत मिळतें; विंडोजमध्यें गेटसिस्टिमइन्फो तेंच सांगतें. विंडोजमध्यें फाइल जोडतांना मात्र वाटपाचा घटक निराळा पाहावा लागतो; तो सामान्यतः ६५,५३६ बाइटांचा असतो, व त्याची माहिती त्याच उत्तरांत येते.

हा प्रश्न प्रोग्राम चालूं लागल्यावर विचारावयाचा असतो, तो तयार करतांना नव्हे. कारण प्रोग्राम एका यंत्रावर तयार होतो आणि दुसऱ्याच यंत्रावर चालतो. आरंभीं एकदां विचारून उत्तर जपून ठेवलें कीं पुरे. चालूं असतां तें माप बदलत नाहीं.