चेहऱ्याला साजेल तो मेकअप

मेकअप साजून दिसणे तीन गोष्टींवर अवलंबून असते: चेहरा कोणत्या उजेडात दिसणार, किती अंतरावरून दिसणार आणि मेकअप किती तास टिकायला हवा. नाटक-सिनेमातले रंगभूषाकार आधी हे तीन प्रश्न सोडवतात, मग रंगाला हात लावतात. घरच्या आरशासमोर बहुधा उलटे घडते. आधी एखादी शेड आवडते, ती विकत घेतली जाते आणि आपल्याला ती शोभत का नाही हा प्रश्न नंतर पडतो.

अंतराचे महत्त्व मुंबईच्या गिरणगावाच्या रंगभूमीकडे पाहिले की लगेच कळते. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ साली उभे राहिले आणि लोअर परळ, लालबाग, करी रोडच्या चाळींतल्या कामगारांची रंगभूमी तिथे बहरली. शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाला नटाच्या डोळ्यांतले भाव दिसावेत म्हणून भुवया दाट रेखायच्या, डोळ्यांची कड ठळक काळी करायची, गालांवर लाली चढवायची. विंगेत उभ्या माणसाला तो चेहरा भडक वाटे, पण प्रेक्षागृहातून तोच स्वाभाविक दिसे. सिनेमात गणित बदलते. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) रंगमंचावर स्त्रीभूमिका गाजवल्या. त्यांच्या जीवनावरचा ‘बालगंधर्व’ हा चित्रपट २०११ साली आला, तेव्हा सुबोध भावे यांना ते रूप कॅमेऱ्यासमोर, अगदी क्लोजअपमध्ये पेलावे लागले. त्या चित्रपटाच्या आणि ‘द डर्टी पिक्चर’च्या रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॅमेरा त्वचेवरचे प्रत्येक छिद्र टिपतो, त्यामुळे तिथे थर पातळ ठेवावा लागतो आणि रंगांच्या कडा एकमेकींत विरघळवाव्या लागतात.

ऑफिसात समोरचे माणूस हातभर अंतरावर असते. मोबाइलवरच्या व्हिडिओत पाहून गालांखाली ओढलेल्या गडद तपकिरी रेघा लिफ्टमधल्या आरशात पट्ट्यांसारख्या दिसतात त्या यामुळेच. तो मेकअप विशिष्ट दिव्यांसाठी आणि लेन्ससाठी केलेला असतो. रोजच्या वापरात त्याची नक्कल करण्यात काही अर्थ नाही.

उजेडाचा प्रश्न लोअर परळमध्ये खास जाणवतो. गिरण्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आणि मॉल आहेत. फिनिक्स मिलच्या आवारात पॅलेडियममधली सौंदर्यप्रसाधनांची दुकाने आहेत, कमला मिलमध्ये ऑफिसे आणि रेस्टॉरंट. तिथे काम करणाऱ्या एखादीचा चेहरा सकाळी स्टेशनच्या पुलावर उन्हात दिसतो, दिवसभर पांढऱ्या एलईडीखाली आणि संध्याकाळी रेस्टॉरंटच्या पिवळसर दिव्यांत. पिवळसर प्रकाशात चुकीची शेडही उबदार भासते. पांढऱ्या प्रकाशात तीच राखाडी पडते. म्हणून दुकानातल्या आरशासमोर फाउंडेशन पसंत करणे धोक्याचे. जबड्याच्या कडेला, गाल आणि मान जिथे मिळतात तिथे, दोन-तीन शेडच्या छोट्या रेघा ओढाव्यात, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि दाराबाहेर उघड्यावर येऊन पाहावे. जी रेघ शोधावी लागते ती आपली शेड. थांबायचे कारण असे की फाउंडेशनमधला पातळ अंश उडून जातो, उरलेला भाग त्वचेच्या तेलाशी मिसळतो आणि रंग बहुधा थोडा गडद होतो.

फाउंडेशनच्या बाटलीत मुख्यतः चार रंगद्रव्ये असतात: लोहाची लाल, पिवळी आणि काळी ऑक्साइडे आणि पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड. गव्हाळ आणि सावळ्या कांतीला लाल-पिवळ्याचे प्रमाण नेमके लागते. शेड उजळ करण्यासाठी पांढरे वाढवले आणि पिवळे-लाल मागे पडले की चेहरा पीठ लावल्यासारखा दिसतो. त्वचेचा वरचा रंग आणि तिच्यातली छटा, म्हणजे अंडरटोन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिघी सारख्याच सावळ्या असल्या तरी एकीची छटा पिवळसर, दुसरीची तांबूस आणि तिसरीची हिरवट असू शकते. मनगटाच्या शिरांवरून छटा ओळखण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते, पण गडद त्वचेवर शिरा नीट दिसतच नाहीत. त्यापेक्षा पांढराशुभ्र आणि दुधी असे दोन कपडे आळीपाळीने गळ्याशी धरून कशाने चेहरा खुलतो ते दिवसाच्या उजेडात पाहणे जास्त भरवशाचे.

आपल्याकडे चेहराही एकाच रंगाचा नसतो. कपाळ आणि ओठांभोवतीची त्वचा गडद, गाल उजळ, मान आणखी वेगळी. फाउंडेशन गालाला जुळवले तर मानेपाशी मुखवट्याची कड दिसते. मान आणि गळा यांना जुळवले तर सारे एकसंध दिसते. डोळ्यांखालच्या निळसर-तपकिरी काळेपणावर उजळ कन्सीलर थापला की ती जागा राखी होते. आधी नारिंगी छटेचा करेक्टर अगदी पातळ लावावा, कारण नारिंगी निळ्याला मारतो, आणि मग त्यावर त्वचेच्याच रंगाचा कन्सीलर. आपल्या रंगापेक्षा दोन शेड उजळ फाउंडेशन घेण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. ती चेहऱ्याचे नुकसान करते आणि सावळेपण ही झाकायची गोष्ट आहे असे मुलींच्या मनावर बिंबवते. भारतीय कांती आणि हवामान डोळ्यांपुढे ठेवून टाटा समूहाने १९५२ साली ‘लॅक्मे’ सुरू केली. १९६१ मध्ये कंपनीत आलेल्या सिमोन टाटा यांनी ती घरोघरी पोहोचवली. आज गडद कांतीच्या शेड पूर्वीपेक्षा पुष्कळ मिळतात, त्यामुळे तडजोड करण्याचे कारण उरलेले नाही.

चेहऱ्याची ठेवण खुलवण्याचा नियम साधा आहे: उजळ आणि चमकदार भाग पुढे येतो, गडद आणि मॅट भाग मागे जातो. बारीक डोळ्यांच्या आतल्या कडेला गच्च काळे काजळ घातले की ते आणखी बारीक दिसतात. काजळ फक्त बाहेरच्या निम्म्या भागात ठेवले आणि वरच्या पापणीला मस्कारा लावला तर डोळा मोकळा वाटतो. मोठ्या, टपोऱ्या डोळ्यांना भरगच्च काजळ शोभते. पापणीची घडी झाकलेली असेल तर जाड आयलायनर डोळा उघडताच दिसेनासा होतो, तिथे केसांच्या मुळाशी बारीक रेघच पुरते.

ओठांचे प्रकरण थोडे नाजूक. आपल्याकडे पुष्कळ स्त्रियांच्या ओठांची कड मूळचीच तपकिरी किंवा जांभळट असते, त्यामुळे कांडीतला रंग ओठांवर तसाच उतरत नाही. फिकट गुलाबी किंवा ‘न्यूड’ शेड अशा ओठांवर खडूसारखी दिसते. विटकरी, मरून, कॉफी, जांभळाचा रंग खुलतो. न्यूडच हवा असेल तर तो ओठांच्या स्वतःच्या रंगापेक्षा किंचित गडद घ्यावा. दुकानात मनगटावर लिपस्टिक लावून पाहण्यापेक्षा बोटाच्या टोकावर लावावी, कारण तिथला तांबूसपणा ओठांच्या अधिक जवळचा असतो.

टिकली हा तर आपल्याकडचा जुना आणि अत्यंत प्रभावी मेकअप. रुंद कपाळाला मोठी गोल टिकली किंवा चंद्रकोर पेलते. अरुंद कपाळावर बारीक टिकली भुवयांच्या मधोमध लावली की चेहरा दाटल्यासारखा वाटत नाही. गुढीपाडव्याच्या गिरगावातल्या शोभायात्रेत नऊवारी, नथ आणि चंद्रकोर एकत्र येतात. नथ पाहणाऱ्याची नजर चेहऱ्याच्या मध्यभागी खेचते, तेव्हा ओठ आणि डोळे दोन्ही भडक केले तर चेहऱ्यावर गर्दी होते. नथीबरोबर डोळ्यांत काजळ आणि ओठांवर शांत विटकरी रंग एवढे भरपूर होते.

टिकण्याचा प्रश्न मुंबईच्या दमट हवेने अवघड केला आहे. घामावर पावडर, पावडरवर पुन्हा घाम असे थर साचले की बेस नाकाच्या कडांना आणि हनुवटीवर फुटतो. तेव्हा फाउंडेशन ओल्या स्पंजने, लागेल तिथेच लावावे. पावडर कपाळ, नाक आणि हनुवटी एवढ्यापुरती ठेवावी. दुपारी नवी पावडर चढवण्याआधी टिपकागदाने तेल टिपून घ्यावे. वॉटरप्रूफ मस्कारा आणि काजळ पाण्याने निघत नाहीत, त्यांना तेलच लागते. चोळून काढण्यापेक्षा कापसावर तेल घेऊन काही क्षण पापणीवर धरावे.

आपली शैली ठरते ती रोज काय जमते आणि काय केले की आपण स्वतःला ओळखीचे वाटतो यावरून. लोकलच्या डब्यात लिपस्टिक लावून होते, आयलायनरची सरळ रेघ होत नाही. दहा मिनिटे हाताशी असतील तर भुवया, काजळ आणि ओठ पुरे. सुती साडी आणि टिकली हीच जिची ओळख आहे, तिला रंगीत आयशॅडो परकी वाटली तर ती नसलेलीच बरी. आणि मेकअप नकोच असेल तर तीही पूर्ण निवड आहे.

लग्नासारख्या मोठ्या प्रसंगी रंगभूषाकाराची मदत घेताना ट्रायल आधीच, दिवसाच्या उजेडात आणि त्याच रंगाची साडी किंवा शालू अंगावर घेऊन करावी, फ्लॅशमध्ये फोटोही काढावा. सनस्क्रीनयुक्त बेसमधली पांढरी द्रव्ये फ्लॅशमध्ये चेहरा पांढरट करतात. रंगभूषाकार स्त्री असणे आज सहज वाटते, पण हिंदी चित्रसृष्टीत अनेक दशके स्त्रियांना केशरचनेचेच काम दिले जाई. मेकअप आर्टिस्ट म्हणून त्यांना संघटनेचे कार्ड मिळत नसे. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांच्या याचिकेवर १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला.

साजेसा रंग त्वचेला सोसायलाही हवा. नवे प्रसाधन कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस पाहावे. टिकलीच्या काही गोंदांतल्या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो; खाज आली की त्या टिकल्या थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. शिसे आणि आर्सेनिक असलेल्या रंगांना भारतात सौंदर्यप्रसाधनांत बंदी आहे, पण सुट्या सुरम्यात आणि नामांकित ब्रँडच्या स्वस्त नकलांत काय आहे हे कळायला मार्ग नसतो. म्हणून वेष्टणावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत पाहून घ्यावी. उघड्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ असे छापलेले असेल तर उघडल्यापासून बारा महिने. मस्कारा मात्र तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा, कारण ब्रशबरोबर पापणीवरचे जंतू नळीत जातात. दुकानातला टेस्टर त्याच कारणाने डोळ्यांना किंवा ओठांना कधीच लावू नये.