टाकी की बॅटरी?

मे 2016. झाशी स्थानकात पाण्याच्या टँकरचे दहा डबे येऊन उभे राहिले. 11 एप्रिलला मिरजेहून निघालेल्या अशाच गाडीने तहानलेल्या लातूरला पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी पोहोचवले होते. केंद्राला तोच प्रयोग बुंदेलखंडात करायचा होता. उत्तर प्रदेश सरकारने नकार दिला. इथली स्थिती लातूरसारखी नाही, पाणी आहे, ते गावोगावी न्यायला टँकर द्या, असे त्याचे म्हणणे. पाठोपाठ तपासणी झाली, तर डबे रिकामेच निघाले! राजकारण व्हायचे तेवढे झाले, पण त्या तंट्यात एक खरा मुद्दा दडला होता. धरणातले पाणी आपोआप हंड्यात येत नाही, ते उचलावे लागते आणि उचलायला वीज लागते.

झाशीजवळ बेतवा नदीवरचा परीछाचा बंधारा 1886 मध्ये पुरा झाला तो सिंचनासाठी. शतकभराने त्याच पाण्याच्या भरवशावर औष्णिक वीजकेंद्र आले. 110 मेगावॉटचा पहिला संच 1984 मध्ये सुरू झाला. नदीच्या वरच्या अंगाला माताटिला धरणावरही वीज तयार होते.

मग ऊन कामाला आले. जून 2020 मध्ये झाशी जिल्ह्यातून बुंदेलखंडाच्या ‘हर घर जल’ योजनेचा आरंभ झाला, आणि पुढे उत्तर प्रदेशातल्या बहुतेक ग्रामीण नळयोजनांना सौर पंप मिळाले. 19 नोव्हेंबर 2021 रोजी, राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीला, याच जिल्ह्यातल्या गरौठ्यातील 600 मेगावॉटच्या सौर उद्यानाची पायाभरणी झाली. अशा नळयोजनेला महागडी बॅटरी लागतेच असे नाही. दिवसा पंप चालतो, उंच टाकी भरते, संध्याकाळी नळ सुटतात. ढग आला तर पंप मंदावेल, एवढेच.

समुद्राचे पाणी गोडे करताना मात्र हे तितके सोपे नाही. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज पुरते. समुद्रजल पडद्यातून गाळून तेवढेच गोडे पाणी मिळवायला तीन ते चार युनिटे खर्ची पडतात. शिवाय दाब सतत हवा. संयंत्र वारंवार थांबले की पडद्यावर क्षार आणि शेवाळी थर बसतो.

म्हणूनच केनियातल्या किउंगा गावी 2018 मध्ये सौर पॅनेलांच्या जोडीला बॅटऱ्या बसवल्या. 50 किलोवॉटचे ते छोटे संयंत्र रात्रीही चालते आणि दिवसाला सुमारे 75 हजार लिटर पाणी देते. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या विटसँडने उलटी वाट धरली: बॅटरी नाही, उन्हाबरोबर चढउतार सोसणारी यंत्रणा आणि दिवसा एक लाख लिटर. दोन्ही तऱ्हा चालल्या, पण गावापुरत्या.

मुंबईचा हिशेब वेगळा. मनोरीच्या समुद्रजल गोडे करण्याच्या प्रकल्पाचा आराखडा करण्यासाठी महापालिकेने जून 2021 मध्ये इस्रायली कंपनीशी करार केला. पहिला टप्पा रोज 20 कोटी लिटरचा. ठोकळ गणित मांडले तर दिवसाला सहा ते आठ लाख युनिटे वीज. उन्हाबाहेरचे चौदा तास फक्त बॅटरीवर काढायचे म्हटले, तर साधारण चार लाख युनिटांची साठवण लागेल. एवढ्या बॅटऱ्या एका पाणीप्रकल्पासाठी बांधण्यापेक्षा रात्रीपुरती ग्रिडची वीज घेणे महापालिकेला स्वस्त पडेल. किउंगाला ती सोय कुठे होती?