तीच अळी, तेच औषध

औंधच्या यमाईच्या डोंगराखाली थंडीत हरभऱ्याच्या रानातून चालून बघा, पायाला आंब लागते. पानांवरच्या बारीक केसांतून पाझरणारं हे आंबट पाणी म्हणजे मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. जुनी माणसं रात्री पिकावर धडपं पसरून पहाटे पिळून घेत, पोटदुखीवर. यातलं ऑक्झॅलिक आम्ल घाटेअळीची वाढ खुंटवतं, तरी ती हरभरा सोडत नाही.

हीच अळी तुरीच्या शेंगा पोखरते, टोमॅटो खाते. कपाशीवर गेली की तिलाच आपण हिरवी बोंडअळी म्हणतो. कपाशीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. ते पचवायला अळीच्या आतड्यात पी-४५० गटाची विकरं वाढतात. गंमत (शेतकऱ्याला कसली गंमत म्हणा!) अशी, की ही विकरं डेल्टामेथ्रिनसारख्या फवाऱ्याचीही मोडतोड करतात. चिनी शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये हे दाखवलं: आधी गॉसिपॉल खाल्लेल्या अळ्या त्या औषधाला जास्त दाद देईनात. ही तात्पुरती सहनशक्ती. पिढ्यान्‌पिढ्या फवारे सोसून आलेली प्रतिकारशक्ती वेगळी. ती आपल्याकडे १९८७ मध्येच आंध्रच्या कपाशीत उघड झाली होती.

उलटही घडतं. तिळाच्या तेलातला सेसामिन हा घटक याच विकरांना अडवतो. म्हणून १९४० च्या सुमारास शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमच्या फवाऱ्यात तिळाचं तेल मिसळत, आणि माश्या पटापट मरत.