महिदपूरची लढाई होळकरांनीं जिंकली असती तर?

इतिहासाच्या तासाला ‘असें झालें असतें तर?’ हा प्रश्न विद्यार्थी मोठ्या हौसेनें विचारतात आणि शिक्षक बहुधा तो हंसून टाळतात. परंतु आपल्या मुलखापुरता तो एकदां नीट विचारून पाहण्यासारखा आहे. १९९८ पासून ज्याला आपण नंदुरबार जिल्हा म्हणतों, तो पूर्वी खानदेशाचाच भाग. आणि खानदेशाचें भवितव्य ज्या लढाईनें मुख्यतः ठरलें ती खानदेशांत झालीच नाहीं. सातपुडा व नर्मदा यांच्या पलीकडे, माळव्यांत क्षिप्रेच्या कांठीं महिदपूर येथें ती ता. २१ डिसेंबर १८१७ रोजीं झाली.

होळकरांच्या गादीवर त्या वेळीं अवघ्या अकरा वर्षांचे मल्हारराव होते. कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा त्यांच्याच लष्करांतील लोकांनीं आदल्या दिवशीं वध केला होता. अशा घरभेदानें पोखरलेल्या फौजेवर हिस्लॉप व मालकम यांचें सैन्य नदी उतरून चालून आलें. तरीहि होळकरांचे गोलंदाज आपल्या तोफांपाशीं अखेरपर्यंत उभे राहिले. इंग्रजांचे सुमारे पावणेआठशें लोक ठार वा जखमी झाले. पण लढाई गेली. ता. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें होळकरांनीं सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला सर्व मुलूख सोडून दिला. तापीकांठच्या थाळनेरच्या किल्लेदारानें फेब्रुवारींत इंग्रजांना अडविलें, तेव्हां हिस्लॉपनें त्याला फांशीं दिलें. या कृत्यावर विलायतेंतहि टीका झाली.

आतां समजा, त्या गोलंदाजांनीं क्षिप्रेचा उतार रोखून धरला असता. मंदसोरचा तह लांबला असता, हें खरें. पण किती दिवस? पुणें नोव्हेंबरांतच पेशव्यांच्या हातून गेलें होतें, नागपूरकर भोसल्यांचा सीताबर्डीस मोड झाला होता, आणि शिंद्यांनीं ग्वाल्हेरचा तह करून हात बांधून घेतले होते. एकट्या होळकरांनीं फार तर एक-दोन वर्षें काढलीं असतीं, असें मला वाटतें.

म्हणून खरें वळण मागें शोधावें लागतें. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईस शिंदे व भोसले लढले, तेव्हां यशवंतराव होळकर अलग राहिले. त्यांचें सामर्थ्य कमी नव्हतें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं मॉन्सनच्या पलटणींची दाणादाण उडविली. मग ते असईस कां गेले नाहींत? कारण शिंद्यांशीं त्यांचें वैर जुनें होतें, आणि १८०१ सालीं दुसऱ्या बाजीरावानें त्यांचे बंधु विठोजी यांना पुण्यांत हत्तीच्या पायीं दिलें होतें. त्याचा सूड घेण्यास यशवंतराव १८०२ सालीं पुण्यावर आले. ता. २५ ऑक्टोबरला हडपसरपाशीं त्यांनीं विजय मिळविला, बाजीराव वसईस पळाला, आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशीं त्यानें इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला.

आमच्या शालेय पुस्तकांत येथपर्यंत असतें. पुण्याकडे जाणारी ती फौज कोणत्या वाटेनें गेली, हें मात्र नसतें. ती खानदेशांतून गेली, आणि गांवें लुटीत, जाळीत गेली. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गांवेंच्या गांवें ओस पडलीं, शेतें रानांत मिळालीं. १८१८ सालीं इंग्रज आले ते या उजाड मुलखांत. महिदपुरास होळकर विजयी झाले असते, तरी येथील कुणब्याला वा भिल्लाला त्या विजयाचा आनंद कितपत झाला असता, कोण जाणे.

बाजीरावानें विठोजीला जीवदान दिलें असतें, तर वसईचा तह कदाचित् झाला नसता. आणि त्या वर्षींचीं खानदेशांतील पिकें तरी खळ्यापर्यंत पोंचलीं असतीं.