बरडीवरील दवबिंदू

पावसाळा ओसरू लागला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील मामा तलावांच्या व बोड्यांच्या काठी, धानाच्या बांध्यांपलीकडील उघड्या जागी, एक वीतभर उंचीची नाजूक वनस्पती क्वचित दृष्टीस पडते. पाने दोऱ्यासारखी बारीक, फूल पाच पाकळ्यांचे, गुलाबी. पानांवरील तांबूस केसांच्या टोकांशी भर दुपारीही थेंब चमकत राहतात. म्हणून तिचे नाव दवबिंदू. शास्त्रीय नाव ड्रोसेरा इंडिका.

कन्हार वा मोरांड जमिनीत तिचा शोध घेणे व्यर्थ होय. तिला हवी हलकी, रेताड, मुरमाड माती. पावसाळ्यात पाण्याने झिरपणारी आणि उन्हाळ्यात वाळवंटासारखी तापणारी. अशा मातीत नत्र फार थोडे असते. त्यामुळे इतर तण तेथे जोम धरीत नाही व दवबिंदूला ऊन मोकळे मिळते. माती कोरडी पडू लागताच ती बी टाकून मरते आणि उन्हाळा बीजरूपाने काढते.

नत्राची उणीव ती कीटकांपासून भरून काढते. थेंब दवाचा नसून चिकट रसाचा असतो. त्यात चिलट अडकले की आसपासचे केस त्यावर वाकतात, पाचक रस सुटतो आणि विरघळलेले नत्र पानात शोषले जाते. ‘ही वनस्पती अन्न तयार न करता कीटक खाऊन जगते’ असे उत्तर विद्यार्थी हमखास लिहितात, आणि आपणही त्यावर बरोबरची खूण करतो! पान हिरवे आहे. पिष्टमय अन्न ते सूर्यप्रकाशात स्वतःच तयार करते. कीटक हे तिचे खत होय, भाकरी नव्हे.

चार्ल्स डार्विन याने या कुळातील इंग्लंडमधील जातीवर अनेक वर्षे प्रयोग करून 1875 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा पुत्र फ्रान्सिस याने 1878 साली दाखविले की, मांसाचे कण दिलेल्या रोपांना न दिलेल्यांपेक्षा अधिक बी धरते. शिक्षकबंधुभगिनींनी वर्गास तलावाकाठी नेऊन एका पानावर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा कण व दुसऱ्यावर वाळूचा कण ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. रोप मात्र उपटू नये. मुरूम खोदण्यासाठी किंवा तलावातील गाळ टाकण्यासाठी गावाने तीच जागा ठरविली असेल, तर ग्रामपंचायतीस वेळीच सांगावे. पीक येत नाही म्हणून ती जागा पडीक, असे आपण सहज बोलून जातो.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. नवखा शिक्षक असताना मी मुलांकडून अशी रोपे फुलोऱ्यातच उपटून आणविली आणि शाळेच्या बागेत, शेणखत घातलेल्या वाफ्यात हौसेने लाविली. आठवड्याच्या आत ती काळी पडून गेली. पुढील वर्षी मुलांना घेऊन मी त्याच काठी गेलो. मोजून तीन रोपे उगवली होती.